पोकरच्या टेबलावर कुठली सीट घ्यावी: मॅनियाक उजवीकडे की डावीकडे?

पणजीला मांडवीतल्या कॅसिनो जहाजावर वेटिंग लिस्टमधलं तुमचं नाव पुकारलं जातं. नऊ जणांचं कॅश टेबल, नो-लिमिट होल्डेम (हातात दोन पत्ते, मध्ये पाच सामायिक, लावायच्या पैशांना मर्यादा नाही), ब्लाइंड १००-२००, म्हणजे दर डावाला पत्ते बघण्याआधी एकाने स्मॉल ब्लाइंड १०० आणि पुढच्याने बिग ब्लाइंड २०० सक्तीने घालायचे. फ्लोअर मॅनेजर विचारतो, "तीन नंबर रिकामी आहे आणि पाच नंबर. कुठली देऊ?" चार नंबरवर एक गृहस्थ बसलेत, चिप्सचा डोंगर समोर, आणि दर दुसऱ्या डावाला रेज, म्हणजे लावलेली रक्कम वाढवणं. पत्ते कसेही असोत, असा सारखा रेज करणाऱ्याला मॅनियाक म्हणतात. बहुतेक जण अशा वेळी जी खुर्ची जवळ असेल तिच्यात बसून मोकळे होतात. पुढचे चार-पाच तास तिथेच काढायचे असतात, म्हणून हा प्रश्न मिनिटभर थांबून सोडवण्याच्या लायकीचा आहे.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. सीटच्या नंबरला स्वतःची अशी काही किंमत नाही. डीलरचं बटन (ज्याच्यापाशी ते असतं तो फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी बोलतो, त्याच्या डावीकडचे दोघं ब्लाइंड भरतात) दर डावाला एक घर डावीकडे सरकतं, त्यामुळे नऊ डावांत प्रत्येकाला एकदा बटन मिळतं आणि एकेकदा दोन्ही ब्लाइंड भरावे लागतात. परवा कोणी सात नंबरवर बसून जिंकला म्हणून सात नंबर "लकी" होत नाही. किंमत असते ती शेजाऱ्याची, त्यातही उजव्या हाताच्या शेजाऱ्याची.

हिशोब सरळ आहे. खेळ डावीकडे फिरतो, म्हणजे तुमच्या उजवीकडचा माणूस तुमच्या आधी बोलतो. फ्लॉपनंतर, म्हणजे मधले पहिले तीन पत्ते उघडल्यावर, तो तुमच्या मागून बोलेल असा एकच डाव: बटन त्याच्यापाशी आणि स्मॉल ब्लाइंड तुमच्यावर. म्हणजे नऊपैकी आठ डावांत त्याने चेक केलं (पैसे न लावता पाळी पुढे दिली), बेट केलं (पैसे लावले) की पत्ते टाकले (डाव सोडला) हे बघून तुम्ही ठरवता. उजवीकडून दुसरा माणूस असेल तर नऊपैकी सात डाव, तिसरा असेल तर सहा. तुमच्या लगेच डावीकडच्या माणसावर हा फायदा नऊपैकी एकाच डावात मिळतो. बाकी आठ डाव तोच तुमच्याकडे बघून ठरवतो. समोरच्या बाजूला बसलेल्यांशी मामला जवळपास बरोबरीचा. टेबलावरचा पैसा हळूहळू डावीकडे सरकतो असं जुने खेळाडू म्हणतात, ते याच कारणाने.

आता आपल्या दोन खुर्च्या.

पाच नंबर घेतलीत तर मॅनियाक तुमच्या उजवीकडे येतो. समजा, त्याने ८०० चा रेज केला आणि तुमच्या हातात एक्का-गुलाम आहे. त्याच्या रेजमध्ये कुठलेही पत्ते असू शकतात हे तुम्हाला दिसतंय, म्हणून तुम्ही २,६०० करता. मागच्यांना आता कॉल करायला (तेवढेच पैसे घालायला) खरोखर चांगले पत्ते हवेत, म्हणून ते गळतात. मॅनियाक कॉल करतो, पॉट (मध्ये जमलेले पैसे) ५,५०० चा झाला, समोर तो एकटा, आणि फ्लॉप, टर्न (चौथा पत्ता), रिव्हर (पाचवा) तिन्ही वेळा शेवटचा शब्द तुमचा. शिवाय तो रेज करणार असेल तर तुम्ही २०० सुद्धा न घालता पत्ते टाकू शकता. बारीक नुकसान इथेच वाचतं, आणि महिनाभर खेळणाऱ्याला तीच रक्कम मोठी दिसते.

तीन नंबर घेतलीत तर तोच एक्का-गुलाम डोकेदुखी होतो. तुम्ही ६०० केले, त्याने २,२०० केले, सहा नंबरने कॉल केला. आता आणखी १,६०० घालून दोघांच्या आधी बोलत बसायचं, की ६०० सोडून द्यायचे? दोन्ही पर्याय वाईट. मधल्या दर्जाचे सगळे पत्ते या खुर्चीत किंमत गमावतात.

पण तीन नंबरचीही एक बाजू आहे आणि ती फार थोडे लोक नीट मांडतात. हातात दोन राजे आले तर तुम्ही नुसते २०० घालता. मॅनियाक ९०० करतो, मागचे दोघं कॉल करतात, ब्लाइंडवाले गळतात. पॉटमध्ये ३,२०० जमलेत, सगळ्यांनी आपापलं सांगून झालंय, आणि आता पाळी तुमची. ४,५०० चा रेज टाका. फ्लॉपनंतरही तसंच: तुम्ही चेक करता, तो सवयीने बेट करतो, बाकीचे आधी उत्तर देतात आणि तुम्ही सर्वांत शेवटी ठरवता. पाच नंबरवर बसलेल्याला ही चैन नाही. त्याला मॅनियाकच्या बेटनंतर लगेच बोलावं लागतं आणि मागे तीन-चार जण काय करतील याचा पत्ता नसतो.

म्हणून माझं मत टेबल बघून ठरतं. तुमच्या मोठ्या रेजला लोक मान देऊन पत्ते टाकत असतील तर पाच नंबर, डोळे मिटून. शनिवारची रात्र आहे, रेज कितीही केला तरी चार जण कॉल करताहेत, असं असेल तर मॅनियाकला एकटं गाठणं जमतच नाही आणि पाच नंबरचा अर्धा फायदा तिथेच संपतो. तिथे तीन नंबरवर बसून मोजकेच, मजबूत पत्ते खेळणं चालतं. नवशिक्याला मात्र मी दोन्ही टेबलांवर पाच नंबरच सुचवेन. तीन नंबरवर तासन्‌तास पत्ते टाकत बसण्याचा संयम लागतो, आणि तो पहिल्या वर्षात क्वचितच असतो.

एवढं बोललो तरी मॅनियाककडे लोक गरजेपेक्षा जास्त बघतात असं मला वाटतं. सर्वांत मोलाचा शेजारी वेगळाच असतो: रेज फारसा न करणारा, पण प्रत्येक डावात उतरणारा आणि शेवटपर्यंत कॉल करत राहणारा, समोर भरपूर चिप्स असलेला पाहुणा. आवाज करत नाही म्हणून तो नजरेत येत नाही. असा माणूस उजवीकडे मिळाला तर मॅनियाक कुठे का बसेना. त्याने नुसते २०० घातले की तुम्ही रेज करून त्याला एकटा गाठता, आणि चांगले पत्ते लागले की तीनदा बेट करून पूर्ण किंमत वसूल करता. तो डावीकडे असेल तरी पैसे मिळतातच, पण त्याच्या हातात काय आहे याचा अंदाज न येता बेट करावी लागते.

तयारीचा, रोजचा खेळाडूही शक्यतो उजवीकडेच हवा. डावीकडे बसला तर तो तुमच्या प्रत्येक रेजवर रेज टाकून हैराण करील. ते जमणार नसेल तर तो टेबलाच्या पलीकडच्या बाजूला असलेला बरा. आणि डावीकडे कोण हवा? तासाला दोनच डाव खेळणारा अतिसावध माणूस. त्याचे ब्लाइंड उचलता येतात, आणि तो कधी उलटून रेज करील तेव्हा त्याच्याकडे काय आहे हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

चिप्सचाही विचार करा. कमी चिप्सवाला, म्हणजे वीसेक बिग ब्लाइंड उरलेला, लगेच डावीकडे असेल तर तुमच्या रेजवर तो ऑल-इन करू शकतो (सगळ्या चिप्स लावू शकतो), म्हणून हलक्या पत्त्यांवर रेज करणं महाग पडतं. तुमच्याकडेच कमी चिप्स असतील तर मात्र सीटवरून फार डोकं लावू नका; सगळे पैसे फ्लॉपआधीच आत जातात, मग शेवटी बोलण्याचा उपयोग काय राहतो?

नजरेचा मुद्दा वेगळा. नंबर डीलरच्या डाव्या हातापासून सुरू होतात, म्हणून एक आणि नऊ नंबर डीलरला चिकटून. या दोघांना एकमेकांचे चेहरे आणि चिप्स नीट दिसत नाहीत, मध्ये डीलर येतो. तिथे कोपराला जागा कमी आणि टाकलेले पत्ते हाताशी, त्यामुळे तुमचे पत्ते डीलरकडून चुकून त्यांत ओढले जाण्याचा धोका असतो. वर एखादी चिप ठेवाच. तीन आणि सात नंबर लंबगोलाच्या टोकांकडे असतात, तिथे ऐसपैस बसता येतं, पण मधले पत्ते थोडे लांब. पाच नंबर बरोबर डीलरसमोर: बोर्ड (मधले सामायिक पत्ते) सरळ दिसतो आणि दोन्ही बाजूंचे लोक एका नजरेत येतात. चष्मा लागलेल्यांनी आणि नव्यांनी याला वजन द्यावं. माहिती चुकीची दिसत असेल तर शेवटी बोलून काय मिळणार?

अॅपवर पत्ते खेळून तयार झालेल्यांना हे सगळं नवं वाटेल, कारण तिथे बघायला चेहरे नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांवरच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केल्यापासून ती टेबलं बंदच आहेत. गोव्यात खऱ्या डीलरची टेबलं कायद्याने जहाजांवर चालतात, प्रवेशाला २१ वर्षं पूर्ण हवीत, आणि फेब्रुवारी २०२० पासून स्थानिक गोवेकरांना खेळायला मनाई आहे. त्यामुळे टेबलावर बहुतेक बाहेरगावचे. कोणाचं विमान, कोणाची बस. माणसं उठत राहतात. आठ वाजता उत्तम असलेली सीट दहाला टाकाऊ होऊ शकते.

म्हणून बसल्याबरोबर फ्लोअर मॅनेजरला "सीट चेंज हवा" असं सांगून ठेवा. आधी सांगणाऱ्याला आधी मिळते, काही ठिकाणी त्यासाठी खुणेचं वेगळं छोटं बटनही देतात. कारण कधी मोठ्याने सांगू नका. अमक्याच्या डावीकडे बसायचंय असं ऐकल्यावर तो पाहुणा दुखावतो, आणि ते योग्यही नाही. इथून बोर्ड दिसत नाही, एवढं पुरे. हलण्याआधी ब्लाइंडचा नियम विचारून घ्या, कारण नव्या सीटवर काही ठिकाणी ब्लाइंड भरावा लागतो, काही ठिकाणी पाळीची वाट बघावी लागते. आपला बटनचा डाव खेळून, मोठा ब्लाइंड यायच्या आत उठून पळण्याचा प्रयत्न करू नका. डीलरला ते लगेच कळतं आणि टेबलालाही. स्पर्धेत सीट चिठ्ठीने मिळते, तिथे यातलं काहीच चालत नाही. फक्त उजवीकडे कोण आलंय ते पहिल्या दोन फेऱ्यांत बघून ठेवायचं.