9 मिमी, .40 की .45? पोलीस दलाचे पिस्तूल बदलताना काय तोलावे

अमेरिकेत कायदा राबवणाऱ्या सुमारे 18,000 लहानमोठ्या यंत्रणा आहेत, आणि अधिकाऱ्याच्या कमरेला कोणते पिस्तूल असावे हे त्यांपैकी बहुतेक यंत्रणा आपापले ठरवतात. गेल्या चार दशकांत या पिस्तुलाने तीन वळणे घेतली. आधी .38 स्पेशल आणि .357 मॅग्नमची रिव्हॉल्व्हर जाऊन 9 मिमीची पिस्तुले आली, मग अनेक ठिकाणी त्यांची जागा .40 स्मिथ अँड वेसन काडतुसाच्या (बिंदूने सुरू होणारे आकडे इंचात) पिस्तुलांनी घेतली, आणि 2014 नंतर ओघ पुन्हा 9 मिमीकडे वळला. ज्या दलाची .40ची पिस्तुले आता झिजत आली आहेत आणि ज्याला पुढची खरेदी करायची आहे, त्या दलाच्या निवड समितीसाठी हा आढावा आहे. माझे मत आधीच नोंदवतो. चर्चेत सर्वांत जास्त वेळ कॅलिबर, म्हणजे गोळीचा व्यास, खाते, पण निर्णयात त्याचे वजन सर्वांत कमी असायला हवे. गोळीची बनावट आणि ती झाडणाऱ्या हाताचा सराव या दोन गोष्टी त्याच्या कितीतरी पुढे येतात.

बदल बहुधा एखाद्या भीषण घटनेनंतर होतो. म्युनिक ऑलिंपिकवरील 1972च्या हल्ल्यानंतर पश्चिम जर्मनीच्या पोलिसांनी 7.65 मिमी सोडून 9 मिमी स्वीकारले, आणि त्यातून वॉल्थर पी5, सिग-सॉअर पी6 व हेक्लर अँड कॉख पी7 ही पिस्तुले सेवेत आली. अमेरिकेत असा टप्पा ठरला तो 11 एप्रिल 1986चा दिवस. मायामीत एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेच्या आठ एजंटांची दोन सशस्त्र दरोडेखोरांशी चकमक झाली, तीत दोन एजंट मारले गेले आणि पाच जखमी झाले. चकमकीच्या सुरुवातीलाच एका दरोडेखोराला 9 मिमीची एक गोळी लागली होती. ती दंडातून आरपार होऊन छातीत शिरली आणि हृदयापासून सुमारे एक इंचावर थांबली. जखम पुढे प्राणघातक ठरली, पण तो लगेच कोसळला नाही, आणि दोन्ही एजंटांचा जीव त्याने त्यानंतर घेतला.

एफबीआयने याचा मुख्य दोष गोळीवर ठेवला. तो निष्कर्ष अर्धाच खरा होता असे मला वाटते. दरोडेखोराच्या हातात रायफल होती, एजंटांकडे बहुतांशी रिव्हॉल्व्हर होती, आणि गाड्यांच्या धडकेत एका एजंटचे शस्त्र चकमक सुरू होण्याआधीच हातातून निसटले होते. एवढ्या सगळ्या कारणांतून गोळीच तेवढी बदलली गेली. तरीही या दुःखातून एक टिकाऊ गोष्ट हाती लागली: गोळी तपासण्याची ठरलेली पद्धत.

ही चाचणी प्रत्यक्ष पाहिली की तिची उपयुक्तता लगेच पटते. विशिष्ट तापमानाला ठेवलेल्या, पिवळसर, पारदर्शक जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी झाडतात. ती आत कुठवर गेली ते मोजपट्टीने मोजतात आणि मग ती बाहेर काढून तिचा फुललेला (आत शिरताना टोक पसरून वाढलेला) व्यास व उरलेले वजन नोंदवतात. पहिली गोळी उघड्या ठोकळ्यात जाते, पुढच्या गोळ्या जाड कपडे, पोलादी पत्रा, भिंतीचा जिप्समचा तक्ता, प्लायवूड आणि गाडीची काच यांतून पार होऊन ठोकळ्यात शिरतात. किमान 12 इंच म्हणजे सुमारे 30 सेंटिमीटर शिरकाव हवा, आणि 18 इंचांपलीकडे तो जाऊ नये. किमान मर्यादेचे कारण मायामीत दिसले. कमाल मर्यादा शरीरातून बाहेर पडणारी गोळी मागच्या माणसाला लागू नये म्हणून आहे. कोणत्याही कॅलिबरचा विचार करण्याआधी समितीने हाच अहवाल विक्रेत्याकडून मागवावा, आणि तोही आपल्याच पिस्तुलाच्या नळीच्या लांबीचा.

मायामीनंतर एफबीआयने आधी 10 मिमी काडतूस निवडले. त्याचा धक्का जबर असल्याने दारूचा भार कमी करावा लागला, आणि भार कमी केल्यावर एवढे लांब काडतूस कशाला, हा प्रश्न साहजिकच पुढे आला. 10 मिमीचे सुमारे 25 मिलिमीटर लांबीचे कवच सुमारे 21.6 मिलिमीटरवर आणले की तीच ताकद 9 मिमीच्या आकाराच्या पिस्तुलात बसते. 1990मध्ये स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर यांनी .40 बाजारात आणले ते याच हिशेबावर. कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलने ते त्याच वर्षी स्वीकारले, एफबीआय 1997मध्ये त्याकडे वळली.

आता तिन्ही कॅलिबर शेजारी शेजारी ठेवू. 9 मिमीची पोलिसी गोळी 124 किंवा 147 ग्रेनची, म्हणजे 8 ते 9.5 ग्रॅमची असते. .40ची 180 ग्रेनची गोळी 11.7 ग्रॅमची आणि .45ची 230 ग्रेनची गोळी जवळपास 15 ग्रॅमची असते. मूळ व्यास अनुक्रमे 9, 10.2 आणि 11.5 मिलिमीटरच्या आसपास आहेत. ग्लॉक कंपनीच्या पूर्ण आकाराच्या पिस्तुलांत मॅगझिनची (गोळ्या भरायच्या पेटीची) क्षमता अनुक्रमे 17, 15 आणि 13 गोळ्यांची आहे. कागदावर हा सरळ सौदा दिसतो: मोठी गोळी हवी तर संख्या सोडा. 1986मध्ये तो सौदा खरा होता, कारण तेव्हाच्या पोकळ टोकाच्या गोळ्या कधी लवकर फुलून उथळच थांबत, तर कधी कापडाने टोक भरून गेल्यामुळे फुलतच नसत. पुढच्या पंचवीस वर्षांत शिशाचा गाभा आवरणाला पक्का जोडला गेला, टोकाच्या पोकळीचा आकार सुधारला, आणि 9 मिमीची चांगली गोळी जाड कपड्यांतूनही 14-15 मिलिमीटरपर्यंत फुलून हवी तेवढी खोल जाऊ लागली. .40 आणि .45च्या गोळ्याही सुधारल्या, पण त्यांना मुळात फारसे कमी पडत नव्हते. म्हणून अंतर घटले. एफबीआयच्या प्रशिक्षण विभागाने 2014मध्ये लिहिले की दर्जेदार पोलिसी गोळ्यांत या तीन कॅलिबरच्या जखमांमध्ये लक्षात येण्याजोगा फरक उरलेला नाही, आणि बहुसंख्य एजंट .40पेक्षा 9 मिमीने अधिक वेगाने व अधिक अचूक नेम साधतात. 2016मध्ये एफबीआयने पुन्हा 9 मिमीच्या ग्लॉक पिस्तुलांचे कंत्राट दिले.

या तुलनेचा गाभा नेमात आहे. न्यूयॉर्क पोलिसांवरील रँड या संशोधन संस्थेच्या 2008च्या अहवालानुसार, 1998 ते 2006 या काळात समोरून गोळीबार होत असताना अधिकाऱ्यांच्या शंभरातल्या सरासरी 18 गोळ्याच लक्ष्यावर लागल्या. समोरून गोळीबार नसतानाही प्रमाण 30 टक्केच होते. उरलेली प्रत्येक गोळी भिंतीत, गाडीत किंवा एखाद्या निरपराध माणसाच्या दिशेने गेलेली असते. हे आकडे वाचले की गोळीच्या एका मिलिमीटर व्यासावरचा वाद मला अस्वस्थ करतो. त्याच वजनाच्या पिस्तुलातून .40 झाडले की नळीचे टोक जास्त वर उडते, दुसऱ्या गोळीचा नेम जमायला जास्त वेळ लागतो, आणि लहान हातांच्या किंवा कमी सराव असलेल्या अधिकाऱ्याला हा फरक सर्वांत जास्त जाणवतो. गोळीबार मैदानावर तो डोळ्यांनी दिसतो. तोच अधिकारी, तेच अंतर, तशीच कागदी आकृती. 9 मिमीच्या पाच भोकांवर एक तळहात ठेवून ती झाकता येतात, .40ची दोन भोके तळहाताबाहेर उरतात. शिवाय 9 मिमी जगभर सर्वाधिक बनणारे पिस्तुली काडतूस असल्याने स्वस्त पडते, आणि तेवढ्याच तरतुदीत सरावाच्या जास्त फेऱ्या होतात. .40च्या जोरदार धक्क्याने 9 मिमीच्या आकारावर बेतलेल्या पिस्तुलांचे भागही लवकर झिजतात.

.40च्या बाजूने सांगण्यासारखे एक कारण मात्र आहे. गाडीच्या तिरप्या काचेतून जाताना जड गोळी मार्ग कमी सोडते आणि वजन जास्त राखते. महामार्गावर गस्त घालणाऱ्या आणि सतत वाहने अडवणाऱ्या दलाने हे मोजून पाहावे. ज्या दलाचे अधिकारी .40ने नियमित सराव करून उत्तम गुण मिळवतात आणि ज्याची पिस्तुले अजून तरुण आहेत, त्याला केवळ ओघात सामील होण्यासाठी बदलण्याची गरज नाही.

.45बद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. पकड जाड होते, गोळ्या कमी बसतात, आणि बदल्यात मिळणारा लाभ आज थोडाच आहे. 28 फेब्रुवारी 1997ला लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलिवूडमध्ये चिलखत घातलेल्या दोन दरोडेखोरांपुढे पोलिसांची 9 मिमी पिस्तुले आणि .38 रिव्हॉल्व्हर निष्प्रभ ठरली, तेव्हा .45ला परवानगी देण्यात आली. पण ते चिलखत .45नेही भेदले नसते. त्या प्रश्नाचे खरे उत्तर गस्तीच्या गाडीत रायफल ठेवणे हे होते, आणि तेही त्याच घटनेनंतर झाले.

कॅलिबरपेक्षा गोळीचा प्रकार किती निर्णायक असतो हे न्यूयॉर्कने दाखवले. 1993पासून तिथे 9 मिमी पिस्तुले आली, पण गोळ्या पूर्ण धातूच्या आवरणाच्या होत्या, आणि त्या संशयिताच्या शरीरातून पार होऊन भलत्यालाच लागण्याचा धोका राहिला. 1998मध्ये पोकळ टोकाच्या गोळ्यांचा निर्णय झाला. अशी गोळी क्रूर असल्याची टीका तेव्हा झाली, आणि फुलणाऱ्या गोळ्यांना युद्धात मनाई करणारी 1899ची हेगची घोषणा त्यासाठी पुढे केली जाते. ती घोषणा राष्ट्रांमधील युद्धापुरती आहे. गर्दीच्या रस्त्यावर शरीरात थांबणारी गोळी मागच्या माणसाचा जीव वाचवते. याच न्यूयॉर्कने चुकून गोळी सुटू नये म्हणून पिस्तुलाचा चाप सुमारे 12 पौंड, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास जड केला होता. एवढा चाप ओढताना पिस्तूल हलते आणि नेम बिघडतो. म्हणून चापाचे वजन निविदेत आकड्यानिशी लिहावे आणि वेगवेगळ्या हातांच्या अधिकाऱ्यांकडून ते तपासून घ्यावे.

9 मिमी ठरले, तर आहे त्याच कंपनीचे त्याच आकाराचे पिस्तूल घेण्याचा मोठा फायदा असतो: .40च्या ग्लॉक 22चे होल्स्टर (कमरेचे म्यान) 9 मिमीच्या ग्लॉक 17ला चालते, आणि हातांची सवय मोडत नाही. बदल मात्र तुकडीनिहाय, एकाच दिवशी करावा. .40च्या पिस्तुलात चुकून भरलेले 9 मिमीचे काडतूस कधी कधी सुटते, पण त्याचे कवच फाटते आणि पुढची गोळी नीट चढत नाही. म्हणून जुनी मॅगझिन आणि जुन्या गोळ्या मोजून जमा झाल्याशिवाय नवे पिस्तूल हातात देऊ नये.