लांब नखं, रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल: काय कशाशी जुळतं?

निकाल आधी सांगतो, कारणं मागाहून. बोटाच्या मांसापुढे नख दोन मिलिमीटरपर्यंत असेल तर रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल दोन्ही नीट हाताळता येतात. तीन ते पाच मिलिमीटरला रिव्हॉल्व्हर जमतं, पिस्तूल कटकटीचं होतं. त्याहून लांब नखं ठेवायचीच असतील, तर तेवढे दिवस शस्त्र कुलपात राहिलेलं बरं. आकडे ढोबळ आहेत. बोटांची लांबी आणि मुठीचा आकार यांमुळे एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होतो. मोजताना तळहात स्वतःकडे करा. मांसाच्या वर जेवढं नख डोकावतं, तेवढंच हिशेबात धरायचं.

सामान्य परवान्यावर मिळणारं छोटं शस्त्र म्हणजे बहुतेक करून .३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप). कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने २०१४ साली खास महिलांसाठी म्हणून आणलेलं सहा गोळ्यांचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर याच बोअरचं, वजन साधारण अर्धा किलो. २०२३ मध्ये आलेलं ‘प्रबल’ रिव्हॉल्व्हर .३२ चंच, आणि ‘अशनी’ पिस्तूलही. परवान्याचा अर्ज सोलापूर शहरात पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. २०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षणही आहे. त्या प्रशिक्षणाला रोज जशी नखं ठेवता तशीच ठेवून जा. एरवी शिकाल एका हाताने आणि वापरायची वेळ येईल दुसऱ्याच हातावर.

नखांचं मुख्य भांडण ट्रिगरशी नसून पकडीशी आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मूठ आवळली की मधलं बोट, अनामिका आणि करंगळी वळून अंगठ्याच्या बुडाकडे येतात. नखं लांब असली की ती आपल्याच तळहातात रुततात. दुखलं की हात आपोआप सैल पडतो, ठरवून कितीही घट्ट धरलं तरी. रिव्हॉल्व्हरमध्ये सैल पकडीने नेम बिघडतो, पण यंत्र चालत राहतं. पिस्तुलात मात्र वरची स्लाइड (मागेपुढे सरकणारा भाग) गोळीच्या धक्क्याने मागे जाते, आणि मागची मूठ घट्ट असेल तरच पूर्ण जाते. मूठ ढिली पडली की स्लाइड अर्ध्यात थांबते, रिकामी पुंगळी बाहेर न पडता तिथेच अडकते आणि पुढची गोळी चढत नाही. दोष नखाचा असतो आणि शिव्या पिस्तुलाला बसतात.

इथे एक गंमत आहे. लहान हातांसाठी म्हणून शस्त्राला जी आखूड, बारीक मूठ देतात, तीच लांब नखांना जास्त नडते. मूठ बारीक असली की बोटं जास्त वळतात आणि नखं तळहातापर्यंत हमखास पोचतात. अशा वेळी किंचित जाड रबरी मूठ बसवून घेणं सोयीचं पडतं. ते काम परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडूनच करून घ्या.

आता ट्रिगर. दाब बोटाच्या पेराच्या मांसल भागाने द्यायचा असतो. नख लांब असलं की त्याला वाट करून देण्यासाठी बोट आत सरकतं आणि दाब पहिल्या सांध्याच्या घडीवर येतो. मग ट्रिगर सरळ मागे न येता एका बाजूला ओढला जातो. रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर घोडा न चढवता ओढला तर जड आणि लांब पल्ल्याचा असतो. तो पूर्ण मागे आला की लांब नखाचं टोक खाली दुमडलेल्या अंगठ्यावर टोचतं. त्याहून घातक चूक परतीच्या वाटेवर होते. अ‍ॅक्रिलिकच्या (कृत्रिम नखांच्या कडक थराच्या) जाडीमुळे बोटाची पाठ ट्रिगर गार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कडीच्या) आतल्या कडेला घासते आणि ट्रिगर पूर्ण पुढे यायच्या आतच पुन्हा दाबला जातो. अशाने सिलिंडर (गोळ्या ठेवायचं फिरतं नळकांडं) नीट फिरत नाही आणि ऐन वेळी गोळी सुटत नाही.

टोकदार, सुईसारख्या आकाराची नखं शस्त्राबरोबर अजिबात नकोत. बोट फ्रेमच्या बाजूने सरळ ठेवायचं आणि ठरलं की मगच आत न्यायचं, हा पहिला नियम. टोकदार नख आत जाताना बोटाच्या आधी ट्रिगरला लागतं, आणि नखाला स्पर्श नेमका कळत नाही. चौकोनी नखांचे कोपरे गार्डच्या कडेला अडकतात. बदामी किंवा गोल आकार त्यातल्या त्यात निसटून बाहेर येतो.

गोळ्या भरताना फरक आणखी उघडा पडतो. ‘निर्भीक’सारख्या मधून मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये अंगठ्याने खटका ढकलला की नळी खाली झुकते आणि पुंगळ्या एकदम वर येतात. खटका नखाने नाही, अंगठ्याच्या सांध्याने ढकला. बंद करताना बिजागरीच्या फटीत नख येणार नाही एवढं बघा. ‘प्रबल’चं सिलिंडर बाजूला निघतं, तिथे ही फट नसते. काडतूस उचलताना लांब नखांची चिमूट घसरते. म्हणून ते टेबलावरून न उचलता दुसऱ्या तळहातावर घेऊन सिलिंडरच्या घरात सोडा आणि अंगठ्याच्या मांसाने आत बसवा.

पिस्तुलाचं मॅगझिन (मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी) भरणं हा नखांचा खरा काळ. शेवटच्या दोन-तीन गोळ्यांना स्प्रिंग जोरात उलट दाबते आणि अंगठ्याचं नख मागे दुमडतं. मॅगझिन लोडर नावाचं स्वस्त साधन मिळतं, ते घ्याच. स्लाइड ओढताना अंगठा-तर्जनीच्या चिमटीत धरू नका. वरून तळहात टाका, चारही बोटांचं मांस एका बाजूला, तळहाताचं बूड दुसऱ्या बाजूला, आणि पिस्तूल पुढे ढकलत स्लाइड मागे खेचा. नळीचं तोंड मात्र या सगळ्यात एकाच सुरक्षित दिशेला. नखांकडे लक्ष गेलं की हे तोंड नेमकं भरकटतं.

नखांच्या प्रकारांत अ‍ॅक्रिलिक सगळ्यात कडक. ते वाकत नाही, तुटतं, आणि तुटताना खालचं खरं नखही सोलून नेतं. महिन्याला नख साधारण तीन मिलिमीटर वाढतं. दोन-तीन आठवड्यांत भर पुढे सरकते आणि नखावरचा ताण वाढत जातो. तीन आठवडे झालेला, मुळाशी पुन्हा न भरलेला सेट नव्या सेटपेक्षा जास्त धोक्याचा. जेल थोडं लवचिक असतं. आखूड नखावर नुसता जेलचा थर दिला तर तो उलट आधारच देतो. गोंदाने चिकटवायची नखं मे महिन्यातल्या चाळिशीपारच्या सोलापुरी उन्हात, घामेजल्या हातावर कधी निघतील सांगता येत नाही. एक नख सुटून स्लाइडच्या फटीत गेलं तर पिस्तूल बंद.

मधला मार्ग असा: नेम धरणाऱ्या हाताची तर्जनी आणि दोन्ही अंगठे आखूड, बाकी बोटं चार मिलिमीटरच्या आत, आकार गोल. फोटोत ते तीन बोटांचं वेगळेपण दिसतं खरं. एकाच रंगाचं पॉलिश लावलं की पुष्कळसं झाकतं. हेही नको असेल तर मिरचीचा स्प्रे घ्या. त्याला शस्त्र परवाना लागत नाही, आणि बटण अंगठ्याच्या पेराने दाबता येतं का, एवढंच विकत घेताना बघायचं.

ठरवण्याआधी घरी चाचणी करा. सगळ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. सिलिंडर किंवा नळीचं घर डोळ्यांनी दोनदा तपासा. पिस्तूल असेल तर आधी मॅगझिन काढा. नळी भक्कम भिंतीकडे, जिच्या पलीकडे कुणी नाही. डमी काडतुसं असतील तर ती घाला आणि दहा वेळा ट्रिगर ओढा. नख कुठे टेकतं ते बघा, तळहातावर खुणा उमटल्या का ते बघा. तीन वेळा तरी नख अडकलं तर ते कापा, किंवा शस्त्राचा प्रकार बदला.

सरावानंतर लांब नखांखाली शिशाची काजळी साचते. ती काडतुसाच्या टोपीतून आणि गोळीतून येते. थंड पाणी, साबण आणि नखांचा ब्रश, खालून. भाकरीबरोबर शेंगाचटणी हाताने खायची असेल तर हे आधी, आणि घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर कपडेही बदलून.