रेसकोर्सवरच्या उन्हासाठी गॉगल: काळ्या काचेला भुलू नका, आधी यूव्ही आणि कॅटेगरी बघा

मुंबईत ओपन एअर म्युझिक फेस्टिव्हल म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, पावसाळ्यात कोण मैदानात स्टेज टाकणार. आणि थंडीतले म्हणून लोक उन्हाचा विचारच करत नाहीत. लोलापालूझा 2023 पासून महालक्ष्मी रेसकोर्सवर होतोय, पहिली दोन वर्षं जानेवारीअखेर होता पण 2025 ला तो 8-9 मार्चला आला, म्हणजे मुंबईसाठी सरळसरळ उन्हाळा. दुपारपासून बँड सुरू, मधल्या मैदानात सावलीला झाड नाही, छत्री अशा ठिकाणी बहुतेक गेटवरच ठेवून घेतात, आणि चारनंतर सूर्य समुद्राच्या बाजूला उतरायला लागला की टोपीचाही उपयोग नाही कारण ऊन वरून न येता समोरून येतं. तेव्हा डोळ्यांसाठी उरतो तो फक्त गॉगल.

रस्त्यावरचा, पोलराइज्ड, उन्हात काळा होणारा, ट्रेकिंगवाला, सगळे प्रकार मी मैदानात घालून बघितलेत आणि माझं मत पक्कं झालंय. फेस्टिव्हलसाठी पॉलिकार्बोनेट (म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक) काचेचा, कॅटेगरी 3 चा (काच किती गडद त्याचा आकडा, तोही पुढे येतो), बाजूने थोडा वळलेला आणि वजनाला हलका गॉगल घ्या. पोलराइज्ड नसला तरी चालेल, खरं तर नसलेलाच बरा, ते पुढे सांगते.

आधी रस्त्यावरचे. लिंकिंग रोड, कुलाबा कॉजवे, फॅशन स्ट्रीट, तिथली व्हरायटी कुठल्याच शोरूममध्ये मिळणार नाही हे मान्य. सगळ्यांवर यूव्ही 400 चा, म्हणजे उन्हातले अतिनील किरण अडवतो असं सांगणारा स्टिकरही असतो, पण स्टिकर काय कुणीही छापतं. दादरला एका जुन्या चष्म्याच्या दुकानात काच तपासायचं छोटं मशीन आहे, काच त्यात धरली की यूव्ही किती आरपार जातंय ते दिसतं. मी आणि माझी मावसबहीण आमचे रस्त्यावरचे गॉगल घेऊन गेलो. माझा काळाकुट्ट, समोरच्याला माझे डोळेही दिसणार नाहीत असा, आणि तिचा फिक्का गुलाबी, नुसता फोटोसाठी घेतलेला. मशीनवर तिचा पास झाला आणि माझ्या काळ्यातून यूव्ही चक्क आत येत होतं! दुकानातले काका म्हणाले, "ताई, रंग वेगळा आणि यूव्ही वेगळं. तिची पॉलिकार्बोनेट आहे, ती मुळातच यूव्ही अडवते. तुमच्या काचेला नुसता रंग मारलाय."

आणि असा नुसता रंगवलेला काळा गॉगल फिक्क्यापेक्षा वाईट, कारण काळ्या काचेमागे अंधार झाला की डोळ्याची बाहुली मोठी होते आणि यूव्ही अडत नसेल तर ते उलट जास्तच आत जातं. यूव्ही 400 म्हणजे 400 नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवणं, त्याचा काचेच्या गडदपणाशी काही संबंध नाही. तेव्हा रस्त्यावरून घेतलात तरी हरकत नाही, पण नंतर चष्म्याच्या दुकानात तपासून घ्या, ओळखीचं दुकान असेल तर पैसेही घेत नाहीत. फक्त निळा लेझर मारून दाखवला तर त्यावर समाधान मानू नका, तो डेमो ब्लू कट, म्हणजे निळा प्रकाश अडवणाऱ्या काचेसाठी असतो, यूव्हीसाठी नाही.

घेताना अजून एक करा, गॉगल हात लांब करून धरा, काचेतून दुकानातल्या ट्यूबलाइटकडे बघा आणि गॉगल हळूहळू हलवा. ट्यूब वाकडी किंवा लाटेसारखी दिसली तर काच खराब, अर्ध्या तासात डोकं धरणार.

आता कॅटेगरी. काचेतून किती उजेड आत येतो त्यावरून 0 ते 4 अशी असते. 2 मध्ये 18 ते 43 टक्के, 3 मध्ये 8 ते 18 टक्के आणि 4 मध्ये जेमतेम 3 ते 8 टक्के. 4 ची काच बर्फाच्या डोंगरावर ठीक, ती घालून गाडी चालवू नये असंच सांगतात, मग संध्याकाळी गर्दीतून वाट काढत जाताना तर ती नकोच. दुपारी दोनच्या उन्हाला 3 बरोबर पुरते. पिवळ्या गुलाबी काचा बहुतेक 1 च्या आसपास असतात, यूव्हीला पास झाल्या तरी दुपारी डोळे बारीकच करावे लागतात, त्या पाचनंतर घाला. रंगात मला करडा सगळ्यात आवडला कारण स्टेजचे रंग आहेत तसे दिसतात, ब्राउन पण छान, जरा उठाव येतो.

पोलराइज्डबद्दल जरा बोलायलाच हवं कारण दुकानात सगळे तेच गळ्यात मारतात. काउंटरवर ते कार्ड असतं बघा, नुसतं बघितलं तर कोरं आणि गॉगल लावला की त्यात मासा दिसतो, ते बघून माणूस लगेच पैसे काढतो. पोलराइज्ड काच पाण्यावरून, रस्त्यावरून, गाडीच्या काचेवरून येणारी आडवी चमक कापते, अलिबागच्या बोटीत किंवा बँडस्टँडला बसायला तिला खरंच तोड नाही. पण मैदानात तशी चमक कितीशी असते? आणि फोनचा त्रास. माझ्या फोनची स्क्रीन पोलराइज्डमधून आडवी धरली की पूर्ण काळी होते, व्हिडिओ काढताना काय येतंय कळत नाही, स्टॉलवरच्या पेमेंट मशीनचे आकडेही कधी कधी गायब. प्रत्येक फोनला होईलच असं नाही, दुकानातच आपला फोन उभा आडवा करून बघा. स्टेजमागची मोठी एलईडी भिंत मात्र नीट दिसते. आणि महत्त्वाचं म्हणजे पोलराइज्ड आहे म्हणून यूव्ही अडतंच असं अजिबात नाही, ते वेगळं विचारायचं.

उन्हात आपोआप काळे होणारे फोटोक्रोमिक चष्मे माझ्या मते यासाठी नकोत. त्या काचा गरमीत कमी काळ्या होतात, म्हणजे मार्चच्या दुपारी जेव्हा सगळ्यात जास्त गरज तेव्हाच फिक्क्या.

फ्रेमकडे लोक फक्त दिसायला म्हणून बघतात पण मैदानात तीच सगळ्यात जास्त जाणवते. मुंबईचा घाम, त्यात उड्या मारायच्या, जाड ॲसिटेट प्लास्टिकची फ्रेम दोन गाण्यांत नाकाच्या शेंड्यावर येते. टीआर 90 या हलक्या, लवचिक प्लास्टिकची फ्रेम आणि नाकाला रबर असेल तर हलत नाही. छोट्या गोल काचा फोटोत गोड दिसतात पण वरून आणि बाजूने ऊन आणि धूळ दोन्ही आत. घालून मान खाली घाला, दोनदा उडी मारा, दुकानदार काय म्हणेल याची लाज बाळगू नका.

सध्या मी डेकॅथलॉनच्या ट्रेकिंग सेक्शनमधला क्वेचुआचा साधा कॅटेगरी 3 वाला वापरते. महागाचा नाही, फार स्टायलिशही नाही, पण कॅटेगरी स्पष्ट लिहिलेली असते, विचारत बसावं लागत नाही. दुपारपासून अंधार पडेपर्यंत घातला तरी कानामागे दुखलं नाही यातच सगळं आलं. पैकीच्या पैकी.

नंबरवाल्यांनी कॉन्टॅक्ट लेन्स घालून जाण्याआधी विचार करा, रेसकोर्सवर धूळ खूप उडते आणि डोळ्यात गेली की तिथे हात धुवायची सोय शोधत फिरावं लागतं. त्यापेक्षा चष्म्याच्या दुकानातून आपल्या नंबरची रंगीत काच बसवून घ्या किंवा क्लिप ऑन घ्या, फक्त क्लिप तुमच्या फ्रेमच्याच मापाची हवी, नाहीतर उडी मारली की गेली. मोठी कडक केस छोट्या बॅगेत मावत नाही, कापडी पाऊच न्या. अंधार पडला की गॉगल डोक्यावर किंवा टीशर्टला अडकवू नका, सरळ पाऊचमध्ये टाका, गर्दीत पडलेला गॉगल परत मिळत नाही. आणि घरी आल्यावर कोरड्या रुमालाने पुसू नका, पॉलिकार्बोनेटवर धुळीचे ओरखडे लगेच उठतात, आधी नळाखाली धरा, मग पुसा.