पाय झीरो २ डब्ल्यू आणि जांभळा डॅक: चार हजारांतला म्युझिक स्ट्रीमर, उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर

या रिव्ह्यूत आवाजाबद्दल कमी आणि वीज, वाय-फाय, टॅग (फाइलमध्ये लिहिलेली गाणं, गायक वगैरे माहिती) यांबद्दल जास्त लिहिलं आहे, कारण काही महिने वापरल्यावर डोकं याच तीन गोष्टी खातात. आवाजाचा प्रश्न पहिल्याच संध्याकाळी सुटतो.

आधी सामान. रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू (एका बोर्डावरचा छोटा संगणक, पुढे नुसता ‘पाय’ किंवा ‘झीरो’), पीसीएम५१०२ए चिपचा जांभळा डॅक बोर्ड (डिजिटल फाइलचा ॲम्पला चालेल असा सिग्नल करणारा), ३२ जीबी मायक्रो एसडी कार्ड, ५ व्होल्ट २.५ अँपिअरचा मायक्रो यूएसबी ॲडॉप्टर, गाण्यांसाठी १२८ जीबी पेन ड्राइव्ह आणि तो लावायला ओटीजी (मायक्रो यूएसबीला पेन ड्राइव्ह जोडणारी छोटी केबल). सॉफ्टवेअर मूड ऑडिओ (पुढे नुसतं ‘मूड’), फुकट. पुढे टीपीए३११६ चिपचा छोटा ॲम्प, त्याला जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा ॲडॉप्टर, आणि बुकशेल्फ स्पीकर. ॲम्प-स्पीकर सोडून खर्च साधारण चार हजार. कार्ड आणि पेन ड्राइव्हचे भाव चढले की हा आकडाही चढतो. घरात ऑक्स असलेला जुना डेक पडून असेल तर ॲम्पही घेऊ नका, थेट त्याला जोडा.

नाशिकमध्ये कार्ड, ओटीजी, आरसीए केबल महात्मा गांधी रोडवर मिळून जाते. पाय आणि डॅक ऑनलाइन मागवणंच सोयीचं. कार्ड कुठूनही घेतलं तरी संगणकावर एचटूटेस्टडब्ल्यू चालवून पूर्ण क्षमता खरी आहे का ते आधी तपासा. नकली कार्ड सुरुवातीला छान चालतं आणि भरत आलं की फाइली गिळायला लागतं.

झीरो २ डब्ल्यूच का? कारण गाणी वाजवायला प्रोसेसर जवळजवळ लागतच नाही. सीडीच्या दर्जाचा प्रवाह सेकंदाला १४११ किलोबिटचा. २४ बिट ९६ किलोहर्ट्झची फाइल घेतली तरी ४६०८ किलोबिट. एवढ्यासाठी पाय ५ घेणं म्हणजे पैसे वाया, आणि त्यासाठी ५ अँपिअरचा ॲडॉप्टर सुचवला जातो तो वेगळाच. झीरो २ डब्ल्यूच्या मर्यादा खऱ्या आहेत, पण त्या दुसरीकडे आहेत: रॅम ५१२ एमबी, वाय-फाय फक्त २.४ गिगाहर्ट्झ, लॅन पोर्ट नाही. राउटर भिंतीपलीकडे असेल किंवा पंचवटीतल्या जुन्या वाड्यासारख्या जाड भिंती असतील, तर जुना पाय ३ बी प्लस शोधा आणि लॅनची वायर ओढा. त्याची १ जीबी रॅम मोठ्या संग्रहालाही उपयोगी पडते.

जोडणी. झीरोवर पिना बसवलेल्या नसतात. सोल्डरिंग येत नसेल तर पिनांसह येणारा डब्ल्यूएच प्रकार घ्या. डॅकवर छापलेल्या नावांप्रमाणे व्हीआयएन पाय-बोर्डच्या २ नंबर पिनला (५ व्होल्ट), ग्राउंड ६ ला, बीसीके १२ ला, एलसीके ३५ ला आणि डीआयएन ४० ला. ३८ नंबरची पिनही आयटूएसचीच (पाय आणि डॅकमध्ये डिजिटल आवाज नेणारी जोडणी), पण ती आत येणाऱ्या आवाजाची. डीआयएन तिथे लावला तर सगळं सुरळीत दिसतं आणि स्पीकर गप्प बसतो. वायरी दहा सेंटिमीटरच्या आत ठेवा.

जांभळ्या बोर्डवर दोन जागा नीट बघायच्या. पहिली एससीके, म्हणजे मास्टर क्लॉकची (चिपला ठोका देणाऱ्या सिग्नलची) पिन. पाय हा क्लॉक देत नाही, आणि या चिपला तो लागतही नाही, ती आपला क्लॉक आतल्या पीएलएल नावाच्या सर्किटने बनवते. मात्र त्यासाठी एससीके ग्राउंडला जोडलेला हवा. बोर्डच्या पुढच्या बाजूला त्यासाठी सोल्डरचे दोन ठिपके असतात, बरेचदा ते उघडेच येतात. थेंबभर सोल्डर टाकून जोडून घ्या. उघडे राहिले तर कधी आवाजच नाही, कधी खरखर. दुसरी जागा मागची, एक ते चार नंबरचे जंपर. एक, दोन आणि चार ‘एल’कडे, तीन ‘एच’कडे. तीन नंबर म्हणजे म्यूट. तो ‘एल’कडे राहिला तर चिप कायम तोंड मिटून बसते. ‘डॅक खराब निघाला’ म्हणून परत गेलेल्या बोर्डांपैकी बरेच या दोन जागांचे बळी असावेत असं वाटतं.

आणखी एक गोष्ट गोंधळ घालते. यूएसबी डॅक लावला की सिस्टिम त्याला ओळखते, पण या डॅकचं तसं नाही. आयटूएसवरून डॅक आपली ओळख देत नाही. त्यामुळे मेन्यूत डॅक ‘सापडला’ असं दिसलं तरी पलीकडे काही जोडलेलं असेलच असं नाही. आवाज येत नसेल तर सॉफ्टवेअर उचकण्याआधी वायरी तपासा.

कार्डावर मूडची इमेज (पूर्ण सिस्टिमची एक फाइल) लिहिताना रास्पबेरी पाय इमेजरमध्येच युजर, पासवर्ड, वाय-फाय आणि देश भरून टाका. देश भारत म्हणजे ‘आयएन’. तो भरला नाही तर वाय-फाय बंदच राहू शकतं. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ (वाय-फाय सुरक्षेची नवी पद्धत) वर असेल तर डब्ल्यूपीए२ किंवा मिश्र मोडवर आणा. वाय-फाय सापडलं नाही तर मूड स्वतःचा हॉटस्पॉट उघडतो. मोबाइल त्याला जोडून ब्राउझरमध्ये १७२.२४.१.१ टाकलं की सेटिंग उघडतं. डॅकच्या यादीत ‘जेनेरिक-१ आयटूएस’ निवडा, रीस्टार्ट करा, वाजवा.

व्हॉल्यूमकडे लक्ष द्या. या चिपमध्ये व्हॉल्यूमचं हार्डवेअर नाही. मूडमध्ये मुख्य पर्याय दोन उरतात: सॉफ्टवेअर किंवा फिक्स्ड. फिक्स्ड म्हणजे पूर्ण २.१ व्होल्ट थेट ॲम्पला. ॲम्पला स्वतःचा नॉब असेल तरच हा पर्याय घ्या, नाहीतर पहिलंच गाणं शेजारच्या विंगपर्यंत जाईल. सॉफ्टवेअर व्हॉल्यूमने दर्जा जातो हा पुस्तकी आक्षेप. १६ बिटची फाइल ३२ बिटमध्ये मोजून कमी केली जाते, घरच्या ऐकण्यात फरक कळत नाही. आणि हा आउटपुट लाइनसाठी आहे, त्यात थेट हेडफोन खुपसू नका.

आता आवाज, थोडक्यात. पाय आपला आयटूएस क्लॉक ४४.१ किलोहर्ट्झच्या (सीडीच्या दराच्या) पटीत अचूक बनवू शकत नाही, म्हणून महाग डॅक बोर्डांवर २२.५७९२ आणि २४.५७६ मेगाहर्ट्झचे, अचूक ठोका देणारे दोन स्वतंत्र क्रिस्टल असतात. मोजमापात फरक दिसतो. बारा-पंधरा हजारांच्या स्पीकरवर, पंखा चालू असलेल्या हॉलमध्ये तो ऐकू येत नाही. ते पैसे स्पीकरमध्ये घाला. शास्त्रीय गायक द. वि. पलुस्करांचा जन्म नाशिकचाच, १९२१ चा, आणि १९५५ मध्ये ते गेले. त्यांचं जे काही ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे ते मोनोच आहे. त्यासाठी दोन क्रिस्टलचा डॅक घेण्यापेक्षा चांगली प्रत मिळवणं जास्त कामाचं.

घरघर आली तर कारण बहुतेक वेळा ग्राउंड लूप (उपकरणांचे ग्राउंड एकाहून जास्त वाटांनी जोडले जाणं) असतं. ॲम्पला टीव्हीही जोडलेला असेल तर केबलवाल्याची वायर टीव्हीमार्गे ॲम्पमध्ये वेगळा ग्राउंड आणते. ती वायर काढून बघा. घरघर गेली तर दोषी सापडला. दुसरं कारण म्हणजे बचत: १९ व्होल्टच्या एकाच ॲडॉप्टरवरून बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं छोटं सर्किट) लावून पायला ५ व्होल्ट देणं. दिसायला नीटनेटकं, पण गाणं बदलताना आणि वाय-फाय काम करताना बारीक किरकिर ऐकू येते. दोन वेगळे ॲडॉप्टर ठेवा. स्वस्त ग्राउंड लूप आयसोलेटरमध्ये छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. ते घरघर घालवतात, पण तबल्याच्या बाँयाचा खर्जही थोडा घेऊन जातात.

वीज हा सगळ्यात मोठा भाग. पाय ३ आणि ४ वर व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की त्याची नोंद होते. झीरो मालिकेत ते सर्किटच नाही. म्हणजे ॲडॉप्टर कमकुवत असेल तर झीरो काही सांगत नाही, नुसता मधेच अडखळतो, पेन ड्राइव्ह गायब होतो, वाय-फाय तुटतं, आणि माणूस राउटरला दोष देत बसतो. ॲडॉप्टरइतकीच त्याची केबलही महत्त्वाची. मोबाइलच्या पातळ, लांब केबलमध्ये व्होल्टेज पडतं. मीटरभराची जाड केबल घ्या. झीरोवर दोन मायक्रो यूएसबी असतात. कडेचा विजेचा, आतला ओटीजीचा. पेन ड्राइव्ह तेवढा झीरोवर चालतो. २.५ इंची हार्ड डिस्कला वेगळी वीज असलेला हबच लागतो.

पावसाळ्यात वीज गेली की कार्डाची कसोटी लागते. गाणी वाजताना कार्डावर फारसं लिहिलं जात नाही, पण लायब्ररी अपडेट चालू असताना वीज गेली तर फाइल सिस्टिम बिघडू शकते. यावर दोन उपाय. राउटरसाठी जे छोटे यूपीएस मिळतात त्यांतल्या काहींना ५ व्होल्टचाही आउटपुट असतो. राउटर आणि झीरो दोन्ही त्यावर टाका, गाणं ॲम्पपाशी थांबेल पण कार्ड सुखरूप. दुसरा उपाय म्हणजे मूडऐवजी पायकोअरप्लेअर. तो पूर्ण रॅममधून चालतो, कधीही प्लग ओढा, काही होत नाही. पण त्याची मांडणी रुक्ष आहे आणि मोठा संग्रह हाताळायला त्याला लिरियन म्युझिक सर्व्हरची जोड लागते. घरातल्या सगळ्यांनी मोबाइलवरून वापरायचं असेल तर मूड सोपा. वॉल्युमिओ त्याहून देखणा, मात्र त्यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसे मोजावे लागतात. बंद करताना मेन्यूतून शटडाउन द्या आणि हिरवा दिवा विझल्यावरच प्लग काढा.

उन्हाळ्याची भीती मात्र फुकाची ठरली. चाळीस अंशांच्या दुपारीही नुसतं गाणं वाजवताना झीरो ८० अंशांच्या मर्यादेच्या बराच खाली राहतो. काचेच्या बंद शोकेसमध्ये कोंडू नका, एवढंच. अपसॅम्पलिंग (फाइलचा दर वाढवून वाजवणं) चालू केलं तर प्रोसेसर तापतो, आणि त्यातून कानाला काही मिळत नाही. बंद ठेवा.

इंदिरानगर किंवा सिडकोसारख्या दाट वस्तीत २.४ गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यांची वीस-पंचवीस नेटवर्क दिसतात. राउटरचा चॅनेल ‘ऑटो’वर न ठेवता १, ६, ११ पैकी जो मोकळा तो पक्का करा. एअरप्लेवर (आयफोनवरून वाय-फायने गाणं पाठवण्याची सोय) दर काही मिनिटांनी खंड पडत असेल किंवा स्ट्रीमर यादीतून दिसेनासा होत असेल तर वाय-फायचं पॉवर सेव्ह चालू आहे का बघा, ते बंद केलं की फरक पडतो. ब्लूटूथ आहे, पण झीरोवर ब्लूटूथ आणि वाय-फाय एकाच अँटेनावर चालतात. दोन्ही एकदम वापरले की अडखळतं. ब्लूटूथ पाहुण्यांसाठी ठेवा. स्पॉटिफाय कनेक्ट चालतं, पण प्रीमियम खातं लागतं. क्रोमकास्टसारखं कास्टचं बटण नाही, त्यामुळे यूट्यूब म्युझिकवाल्यांची निराशा होईल. इंटरनेट रेडिओ उत्तम. आकाशवाणीचे प्रवाह एचएलएस पद्धतीचे असतात, त्यांचा पत्ता रेडिओच्या यादीत टाकला की वाजतात. पत्ते अधूनमधून बदलतात, तेव्हा पुन्हा शोधावे लागतात.

आणि टॅग. एक सीडी फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता आकार कमी करणारा फाइलचा प्रकार) साधारण ३०० ते ४०० एमबी होते, म्हणजे १२८ जीबीत तीनशेच्या आसपास अल्बम. ते टाकणं सोपं, सापडणं अवघड. मूडच्या आत एमपीडी नावाचं इंजिन आहे, आणि त्याच्या टॅगच्या यादीत संगीतकारासाठी कंपोझर आहे, गीतकारासाठी काहीच नाही. भावगीतांच्या संग्रहात हे फार खुपतं. गीतकाराचं नाव परफॉर्मरमध्ये टाकायचं असं एकदा ठरवा आणि सगळीकडे तसंच पाळा. शास्त्रीय संगीतात जॉनरमध्ये राग टाका. लायब्ररीत डावीकडे जॉनरची यादी असते, तिथे थेट यमन, भूप, मारवा दिसतात. पंधरा गायकांच्या एकत्र अल्बमला ‘अल्बम आर्टिस्ट’ भरला नाही तर तो प्रत्येक गायकाच्या नावाखाली सुटा सुटा विखुरतो.

देवनागरीत टॅग लिहायचे तर युनिकोडच. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली नावं इथे निव्वळ अगम्य अक्षरं दिसतात, ती कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदला किंवा पुन्हा टाइप करा. ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं: एकच अक्षर म्हणून, किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखी, एमपीडीला वेगळी. शोधात अर्धी गाणी येतात ती यामुळेच. ‘नाट्यसंगीत’ आणि ‘नाट्य संगीत’ हेही त्याच्या लेखी दोन प्रकार. विंडोजवर एमपीथ्रीटॅगमध्ये शोधा-बदला चालवून हे एकगठ्ठा दुरुस्त होतं. मैफिलीच्या रेकॉर्डिंगमध्ये विलंबित आणि द्रुतचे वेगळे ट्रॅक असतील तर क्रॉसफेड शून्यावर ठेवा, म्हणजे सम तुटत नाही.

गाण्यांचा संग्रह वाढत गेला की झीरोची रॅम कमी पडायला लागते. आधी जाणवतं ते अल्बमचं चित्र. नवे अल्बम टाकल्यावर थंबनेल बनवण्याचं काम तासन्‌तास चालतं आणि तेवढ्यात लायब्ररी उघडायला वेळ घेते. ते काम रात्री लावा. कव्हरची चित्रं आधीच लहान करून ठेवली तर हाच वेळ बराच कमी होतो.

मूडची मोठी आवृत्ती बदलते तेव्हा जुन्या कार्डावर अपडेट होत नाही, नवी इमेज लिहावी लागते. त्याआधी सिस्टिम मेन्यूतून बॅकअप घेऊन रेडिओचे पत्ते, प्लेलिस्ट आणि सेटिंग एका फाइलमध्ये उतरवा. नवी इमेज दुसऱ्या कार्डावर लिहा, बॅकअप भरा, आठवडाभर चालवून बघा आणि मगच जुनं कार्ड पुसा.