ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल४ नकाशा: केझिकला चालायला जाणार असाल तर हॉटेलच्या आधी हा घ्या

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे तिथल्या डोंगर-तळ्यांच्या भागात, केझिक गावी मुक्काम ठेवून रोज चालायला जायचं असेल ना, तर ब्रिटनच्या सरकारी नकाशे संस्थेचा, ऑर्डनन्स सर्व्हेचा, त्या भागाचा हा नकाशा निघायच्या खूप आधी घरात हवा, अगदी मनापासून सांगतेय. आमची मावसबहीण लीड्सहून दिवाळीला मुलुंडला आली तेव्हा घेऊन आली आणि मग रोज जेवणं झाली की टेबल पुसून हाच पसरायचा, बाबा चष्मा लावून कंटूर, म्हणजे समान उंची दाखवणाऱ्या रेषा, मोजत बसायचे.

स्केल १:२५,०००, म्हणजे एक किलोमीटरला चार सेंटीमीटर, शेताशेताची हद्दसुद्धा दिसते. सह्याद्रीत वाट चुकली की आपण गावातल्या मामांना विचारतो नाहीतर दगडावरचे बाण शोधतो, तिथे मात्र हिरव्या तुटक रेषा शिकून घ्या. त्या म्हणजे चालायचा कायदेशीर हक्क असलेल्या वाटा, मग त्या कोणाच्या खाजगी शेतातून का जाईनात. छोट्या रेषा फक्त चालणाऱ्यांच्या, लांब रेषांवर घोडे आणि सायकलीपण. पण हिरवी रेष आहे म्हणून जमिनीवर पायवाट उमटलेली असेलच असं नाही, आणि काळी तुटक रेष असली की पायवाट असते पण ती हक्काची असेलच असं नाही. दोन्ही जिथे सोबत दिसतात त्या वाटा आधी निवडा, नवख्यांना तेच बरं. फिकट पिवळा भाग म्हणजे २००० च्या कायद्याने मोकळा केलेला डोंगर, तिथे वाट सोडूनही फिरता येतं.

केझिकजवळच्या कॅटबेल्स डोंगराची उंची ४५१ मीटर. कळसूबाई १,६४६ मीटर केलेल्यांना किरकोळ वाटेल, पण माथ्याजवळ कंटूर बघा किती चिकटलेत, तिथे खडकाला हात लावूनच चढावं लागतं. पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला अजून एक तास हा तिकडचा १८९२ पासूनचा हिशोब, त्याने आम्ही घरबसल्याच दिवस आखले: केझिकहून लाँचने कॅटबेल्सच्या पायथ्याचा हॉज एंड धक्का, वर चढून पलीकडे ग्रेंज गावात उतरायचं आणि ७८ नंबरच्या बसने परत. आईच्या गुडघ्यांसाठी केझिकहून थ्रेलकेल्ड गावापर्यंतचा सपाट रस्ता सापडला तोही नकाशातच, १९७२ ला बंद झालेल्या रेल्वेलाईनवर केलाय, फार सुंदर आहे. केझिकला आता रेल्वे नाही म्हणून घाबरू नका, लंडनच्या यूस्टन स्टेशनहून ट्रेनने पेन्रिथ आणि तिथून बस.

आता खटकलेलं. नकाशा प्रचंड मोठा आहे, वाऱ्यात उघडला तर दोघांनी धरावा लागतो, अक्षरं बारीक. साधा कागदी घेऊच नका, वॉटरप्रूफवाला जड आणि महाग असला तरी तोच घ्या, कारण जवळच्या बॉरोडेल दरीतल्या सीथवेटला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, मुंबईपेक्षा जास्त, आणि तोही बारा महिने. सोबत मोबाईलसाठी कोड मिळतो, तो मुंबईतच वापरून नकाशा डाउनलोड करून ठेवा, दऱ्यांमध्ये नेटवर्क जातं. बसच्या वेळा नकाशात नसतात आणि हिवाळ्यात फेऱ्या कमी होतात, त्यामुळे शेवटची बस कधी ते आदल्या रात्रीच बघून ठेवा.