नववीचं वर्ष: वादविवादाला द्यावं की मैदानाला?

दहावीला एसएसएलसीचे, म्हणजे कर्नाटक बोर्डाच्या परीक्षेचे, ६२५ गुण डोक्यावर असतात आणि आठवीत मूल अजून हायस्कुलाला रुळत असतं. एखाद्या गोष्टीच्या मोकळेपणानं मागे लागायला उरते ती नववी. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांत जरा चुणचुणीत मूल दिसलं की मराठीच्या बाईंना ते भाषणाला हवं असतं आणि पी.टी.च्या सरांना पळायला. दोन्ही करू म्हटलं तर ओढाताण होते, कारण तयारीचे महिने बहुतेक तेच आणि शाळा सुटल्यानंतरचा तासही तोच. मी आधी दोन्ही केलं, मग एक सोडलं. त्यामुळे खाली जे आहे ते एका बाजूला थोडं झुकलेलं आहे, हे धरून वाचा.

पालक सहसा खर्च आणि अभ्यासाचा वेळ विचारतात. त्यात फार फरक नाही. मूल कुठल्या दिशेला प्रवास करणार, हा फरक मात्र मोठा आहे आणि तो सीमाभागातच कळतो. भाषण करणारं मूल पश्चिमेला जातं: गडहिंग्लज, चंदगड, कोल्हापूर. पळणारं मूल पूर्वेला आणि दक्षिणेला. बेळगाव शैक्षणिक जिल्ह्यात असाल तर बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्गची मुलं शेजारच्या लेनमध्ये उभी राहतात. निपाणीकडचे असाल तर चिकोडी शैक्षणिक जिल्हा, म्हणजे अथणी, रायबाग, गोकाक. पुढे विभागीय स्पर्धेला धारवाड, विजापूर, कारवारकडची पोरं. माझं कन्नड वर्गात जेवढं सुधारलं नाही तेवढं हिटची, म्हणजे प्राथमिक फेरीची, वाट बघत मैदानाच्या कडेला बसून सुधारलं. ज्या राज्यात पुढचं कॉलेज करायचं आहे, त्या राज्यातली मुलं चौदाव्या वर्षी ओळखीची होणं ही मला मोठी गोष्ट वाटते.

भाषणाची बाजूही हलकी नाही. बोलणाऱ्याचं ऐकून घ्यायची बेळगावला जुनी सवय आहे. टिळकांनी १९१६ मध्ये होमरूल लीग इथे स्थापन केली, गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं काँग्रेसचं एकमेव अधिवेशन १९२४ मध्ये इथे भरलं, आणि १८ जानेवारी १९७१ ला संसद गाजवणारे वक्ते बॅ. नाथ पै यांनी प्राण सोडला तोही बेळगावात. कडोली, येळ्ळूर, उचगावसारख्या गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात, लोक मांडवात बसून मनापासून ऐकतात. मराठी बोलणाऱ्या मुलाला इथे जितका मान मिळतो तितका पुण्यात मिळणार नाही. प्रतिभा कारंजीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या शालेय कलागुण स्पर्धेत, मराठीतही भाषण करता येतं. शिवाय वाचनाची सवय लागते, आणि ती आयुष्यभर राहते.

मग मी ते का सोडलं?

वादविवादात प्रत्येक शाळेची दोन मुलं: एक अनुकूल, एक प्रतिकूल. विषय आठवडाभर आधी कळतो. भाषण बहुतेकदा सर, बाई किंवा घरातलं कोणीतरी लिहून देतं, मूल ते पाठ करतं. इथवर मला काही वाटत नव्हतं. पाठांतरानंही भाषा सुधारते. पण खंडनसुद्धा आधीच लिहिलेलं असायचं. ‘माझ्या आधीच्या वक्त्यांनी असं प्रतिपादन केलं की…’ असं म्हणून मूल सुरू व्हायचं, आणि आधीच्या वक्त्यानं तसं काही म्हटलेलंच नसायचं. कुणी एखादा खरोखर चांगला मुद्दा मांडून खाली बसला, तर पुढचा त्याला हातही न लावता आपला कागद पुढे रेटायचा. घंटा वाजायची, टाळ्या पडायच्या. एकदा मी पाठ केलेलं बाजूला ठेवून समोरच्या मुलीच्या मुद्द्याला तिथल्या तिथे उत्तर दिलं. अडखळलो, पण उत्तर खरं होतं. परीक्षकांनी नंतर प्रेमानं सांगितलं, ‘तयारी कमी पडली.’ त्यांच्या गुणपत्रिकेत पाठांतर, हावभाव, उच्चार होते, समोरच्याचं ऐकण्याला रकाना नव्हता. ही खंत मनातून गेलीच नाही. सगळीकडे असंच असतं असं म्हणणार नाही, मी पाहिलं ते असं होतं.

आणि जे तिथे शोधत होतो ते मला ८०० मीटरमध्ये मिळालं. शाळेच्या मैदानावर फक्की मारून आखलेला २०० मीटरचा ट्रॅक, म्हणजे चार फेऱ्या. तिसऱ्या फेरीत कुणीतरी वेग वाढवतो. त्याला उत्तर द्यायचं की थांबायचं हे तिथेच, धाप लागलेली असताना ठरवावं लागतं. सर कडेनं ओरडतात, ‘पळ की रे!’, पण ते तुमच्या वतीनं काही लिहून देऊ शकत नाहीत.

मैदानाचे त्रास खरे आहेत. ऐन पावसात स्पर्धा येतात. लाल मातीचा चिखल, घसरडी वळणं, सकाळी पुकारलेली हिट दुपारी, पोटात धड काही नाही. पाऊस ओसरल्यावर तीच माती दगडासारखी होते आणि नडग्या दुखायला लागतात. मुलींच्या बाबतीत पहाटेच्या सरावाला सोबत कोण, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. बारावीनंतरच्या सीईटी प्रवेशात खेळाडूंसाठी जागा असतात, पण तालुक्याच्या प्रमाणपत्रावर त्यांची आशा धरू नये. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन धावले, १९वे आले. हे मुलाला जरूर सांगा, पण त्याच्या नववीवर एवढं ओझं टाकू नका.

तरी तुमच्या शाळेत एखाद्या बाई मुलांना ऐनवेळी विषय देऊन बोलायला लावत असतील, एकमेकांचे मुद्दे खोडायला शिकवत असतील, तर वादविवादच निवडा. असे शिक्षक मिळणं दुर्मीळ असतं. म्हणून नाव देण्याआधी शाळेत एवढंच विचारा: भाषण कोण लिहितं? उत्तर ‘आम्हीच देतो लिहून’ असं आलं, तर पोराला मैदानावर पाठवा. एप्रिल-मेच्या सुट्टीपासूनच सुरुवात करा, पहिले दोन महिने सावकाश पळू द्या, आणि स्पाइक, म्हणजे खिळ्यांचे बूट, पहिल्या वर्षी घेऊ नका.