रोजच्या सायकलीसाठी देखणी बॅग: आधी कॅरियर बघा, मग रंग

बॅग निवडताना नजर जाते ती रंगावर, बकलांवर आणि चामड्याच्या पट्टीवर. ती तुमच्या सायकलीला लागणार की नाही, हे मात्र कॅरियर ठरवतं. म्हणून ऑर्डर देण्याआधी मोजपट्टी घेऊन सायकलीमागे बसा.

आपल्याकडे कॅरियर साधारण तीन तऱ्हेचं दिसतं. जुन्या काळ्या सायकलीचं जड लोखंडी, वर स्प्रिंगचा चाप असलेलं. हायब्रिड किंवा सिटी सायकलीला नंतर बसवलेलं अॅल्युमिनियमचं, ज्याच्या नळ्या बहुतेक वेळा १० मिलिमीटरच्या आसपास असतात. आणि तिसरं नुसतं सीटच्या दांड्याला आवळलेलं, चाकाच्या बाजूंना पाय नसलेलं. या तिसऱ्यावर बाजूला लटकणारी बॅग लावूच नका. खाली टेकायला काही नसल्यामुळे ती स्पोकमध्ये ओढली जाते, आणि वजन एका बाजूला आलं की कॅरियरच दांड्याभोवती फिरतं.

दुसरं माप टाचेचं. बॅगेच्या वेबपानावर लांबी-रुंदी दिलेली असते. त्या मापाचा पुठ्ठा कापा, कॅरियरला सुतळीने बांधा आणि नेहमीच्या बुटांनी पेडल मारून बघा. मागे येताना टाच पुठ्ठ्याला लागली तर ती बॅगेलाही लागणार. खाली निमुळती होत जाणारी बॅग किंवा थोडी मागे सरकवता येणारे हुक असले की निभावतं. चौकोनी, खोक्यासारख्या बॅगा फोटोत सुरेख दिसतात आणि इथेच अडतात.

हुकवाली बाजूची बॅग

ऑफिसला लॅपटॉप, डबा आणि कपड्यांचा जोड नेणाऱ्याने पहिला विचार हिचा करावा. या प्रकारातलं ओळखीचं नाव म्हणजे जर्मनीची ऑर्टलीब. तिच्या बॅक-रोलर जोडीत दोन्ही मिळून ४० लिटर सामान मावतं. तोंड गुंडाळून बकल लावायचं, झिप नाहीच. कापडाचे जोड शिवलेले नसून वितळवून चिकटवलेले असतात, त्यामुळे सुईची भोकं नाहीत आणि पाणी शिरायला वाट नाही. वरचा पट्टा उचलला की हुक उघडतात, सोडला की मिटतात. जोडीची किंमत आपल्याकडच्या साध्या सायकलीहून जास्त पडते, हे खरं. पण पद्धत समजून घ्या. याच धर्तीच्या स्वस्त बॅगाही मिळतात. त्यांत दोनच गोष्टी तपासा: हुक आपोआप मिटतो का, आणि खालच्या बाजूला सरकवता येणारा आकडा आहे का. नुसते उघडे आकडे असले तर कुणाला न विचारता टाकलेल्या पहिल्याच स्पीडब्रेकरवर बॅग उडून खाली येते.

हुक नळीपेक्षा मोठा असेल तर बॅग खडखडते आणि कॅरियरचा रंग खरवडते. चांगल्या बॅगेसोबत हुकात बसवायचे प्लॅस्टिकचे तुकडे येतात. नसतील तर जुन्या ट्यूबची पट्टी नळीला गुंडाळा. काळ्या सायकलीच्या कॅरियरवर मात्र हुक लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. तिथे कडेला गोल नळीऐवजी चपटी पट्टी असली तर हुक पूर्ण मिटतच नाही.

एकच बॅग घेणार असाल तर ती डावीकडे लावा. उजवीकडे चेन आणि गिअरचं काळं तेल लागतं, आणि ओव्हरटेक करणारी वाहनंही त्याच बाजूने जातात. फिकट रंगाची कापडी बॅग उजवीकडे लावणं म्हणजे ती महिनाभरात काळी करून घेणं.

देखणेपणाचा प्रश्न खरा येतो तो सायकलीवरून उतरल्यावर. ही बॅग खांद्याला लावली की हुक बरगडीला टोचतात. ऑफिसच्या लिफ्टमध्येही शोभेल अशी हवी असेल, तर हुकांवर झाकण येणारी किंवा हुक बाहेरच्या बाजूला फिरवता येणारी झोळीवजा बॅग घ्या. पाठीवर घेता येणाऱ्या 'टू इन वन' बॅगांचे पट्टे नीट कोंबता येतात का, हेही बघा. पट्ट्याचं लोंबतं टोक मागच्या चाकात गेलं तर चाक जागीच अडकतं.

दुहेरी बॅग

कॅरियरवर आडवी टाकायची, दोन्ही बाजूंना खिसे. नेदरलँडमध्ये ही घरोघरी दिसते आणि फुलाफुलांच्या नक्षीपासून साध्या राखाडीपर्यंत सगळ्या तऱ्हांत मिळते. तिथल्या सायकली मागे लांब असतात, त्यामुळे टाच लागत नाही. तीच बॅग मागे आखूड असलेल्या गिअरच्या सायकलीवर बसेल, असं गृहीत धरू नका. आपली काळी सायकल मात्र तिला छान मानवते, कारण ही हुकांवर नाही, पट्ट्यांवर बसते.

भाजी आणि किराण्यासाठी हिच्याइतकी सोय दुसरी नाही. खिशाचं तोंड मोठं, वरून नुसतं टाकायचं. पण रोज काढायची ही बॅग नव्हे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती सायकलीवरच राहणार. तेव्हा लॅपटॉप यात नको, आणि फार महागडीही घेऊ नका. खालचे पट्टे फ्रेमला बांधा, नाहीतर रिकामी असताना ती फडफडत चाकाला घासते. डबलसीट बसवायचं असेल तर हिचा विचार सोडा.

सीटमागची कॅनव्हास बॅग

दिसायला सगळ्यांत सुंदर हीच. इंग्लंडमधल्या लँकशायरच्या नेल्सन गावची कॅराडाइस १९३२ पासून मेण दिलेल्या सुती कॅनव्हासच्या, चामडी पट्ट्यांच्या अशा बॅगा करत आली आहे. भिजल्यावर सुती धागे फुगतात आणि विणीतली भोकं बंद होतात, हे त्या कापडाचं तंत्र. कॅरियरची गरज नाही, पण सीटच्या मागे पट्टा ओवायला कड्या लागतात. ब्रूक्सच्या चामडी सीटला त्या असतात, साध्या फोमच्या सीटला बहुधा नसतात. सीट आणि मागच्या चाकात पुरेशी जागाही हवी, नाहीतर भरलेली बॅग लोंबून टायरवर बसते. लॅपटॉपचं इथे काम नाही.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कॅनव्हास आणि चामड्याला बुरशी धरते. ओली बॅग बंद कपाटात ठेवायची नाही, उघडी करून वाऱ्यावर वाळवायची. मशीनमध्ये आणि साबणाने धुतली की मेण गेलं.

पुढची बास्केट किंवा हँडलबॅग

पाकीट, कुलूप आणि रेनकोटापुरती ठीक. हँडलला अडकलेलं वजन हँडलबरोबर फिरतं, म्हणून गाडी जड वळते. स्टँडवर लावली की चाक फिरून सायकल आडवी होते. क्लिकफिक्स या जर्मन नावाच्या, हँडलवर बॅग अडकवायच्या जोडणीची मर्यादाही ७ किलोच आहे. ब्रॉम्प्टन या घडीच्या सायकलीत बॅग अडकवायचा ठोकळा हँडलऐवजी फ्रेमवर असतो, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही. बसवताना हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. ब्रेकची केबल दुमडली तर ब्रेक जड होतो.

पावसाची परीक्षा

'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेल्या बहुतेक स्वस्त बॅगा पॉलिएस्टरच्या, आतून पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा) थर दिलेल्या असतात. पाणी कापडातून नाही, शिलाईतून आणि झिपमधून येतं. वर ओढायचं कव्हर वरचा पाऊस अडवतं, पण मागच्या चाकाचं पाणी खालून उडतं आणि कव्हरच्या तळाशी साठतं. तळाला भोक आहे का बघा. हा पीयूचा थर दमट उन्हाळ्यात काही वर्षांनी चिकट होऊन सुटतो, तेव्हा फार जुना साठा सवलतीत मिळाला तरी आत हात फिरवून घ्या.

बॅग आली की आत वर्तमानपत्र भरून शॉवरखाली दहा मिनिटं टांगा. मात्र आधी दुकानाला विचारा: भिजवलेली बॅग परत घेतात का? लॅपटॉप उभा, चाकाकडच्या बाजूला, खाली फोमचा तुकडा घालून ठेवा, कारण बॅग जमिनीवर ठेवताना मार तळालाच बसतो. आमटीचा डबा शक्यतो दुसऱ्या बॅगेत, किमान वेगळ्या पिशवीत.

कॅरियरचे बोल्ट बहुधा एम५, म्हणजे ५ मिलिमीटर जाडीचे असतात. बॅग लावून आठवडाभर चालवली की ते ४ मिलिमीटरच्या अॅलन कीने (षटकोनी चावीने), काही ठिकाणी ५ च्या, पुन्हा आवळा. आत नायलॉनचं कडं असलेला, सहज न सुटणारा नट असेल तर उत्तम. फ्रेमला बोल्टची भोकं नसतील तर रबर लावलेल्या क्लॅम्पवर कॅरियर बसतं, पण त्यावर हलकंच वजन घाला. डिस्क ब्रेक असेल तर कॅरियरचा पाय कॅलिपरला (ब्रेकच्या पकडीला) अडतो, त्यासाठी बाहेर वाकवलेल्या पायाचं कॅरियर मागा. सीटच्या दांड्यावरचा मागचा लाल दिवा भरलेल्या बॅगेमागे झाकला जातो; तो कॅरियरच्या टोकाला हलवा आणि सायकलीमागे दहा पावलं जाऊन दिसतो का ते बघा.